चेंबर की पेढी : तरुण वकिलाच्या दोन वाटांचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकविला. तेव्हा एखाद्या वकिलाने या व्यासपीठावरून आपल्या धंद्याविषयी बोलायचे ठरविले, तर ते इतिहासाच्या अंगानेच बोलणे उचित होईल. विषय मात्र मला आजच्या मुलांनी दिला आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडून कायद्याची पदवी घेतलेली मुले-मुली सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जावे, की कर, बौद्धिक संपदा, लवाद अशा एखाद्याच विषयाला वाहिलेल्या लहान कार्यालयात शिरावे, हा त्यांचा प्रश्न असतो. अशा लहान कार्यालयाला हल्ली 'बुटिक' म्हणतात. मूळ फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसते 'दुकान' एवढाच आहे. पण आपल्याकडे तो शब्द येईपर्यंत त्याला बरीच इस्त्री झालेली दिसते.

प्रश्न नवा वाटतो, पण तो तसा नाही. मुंबई इलाख्यात तो गेली दीडशे वर्षे वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला आहे. 'ओरिजिनल साइडला जाऊ की अपेलेट साइडला?', 'सॉलिसिटर होऊ की बॅरिस्टर?', 'मुंबईत थांबू की जिल्ह्याला परत जाऊ?' ही सारी त्याचीच जुनी रूपे होत. हा इतिहास पाहताना माझे एक मत बनले आहे, ते आरंभीच सांगून टाकतो. कार्यालय मोठे की लहान, हा प्रश्न दिसायला पुढे असतो. खरा निर्णय मात्र काम तरुण वकिलापर्यंत कोणाच्या हातून पोहोचते यावर झालेला आहे. ज्याच्या हाती ती वाट, त्याच्या हाती तरुणाचे भवितव्य. आता ही वाट कोठून कशी गेली ते पाहू.

मुंबईचे उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी मुंबईत दोन वेगळी वरिष्ठ न्यायालये होती. मुंबई बेटापुरते इंग्लंडच्या राजाचे सुप्रीम कोर्ट होते आणि बाहेरच्या सगळ्या इलाख्यासाठी कंपनीची सदर अदालत होती. उच्च न्यायालय स्थापून सरकारने दोहोंना एका छपराखाली आणले खरे, पण घरात दोन चुली राहिल्याच. सुप्रीम कोर्टाचा वारसा ओरिजिनल साइडकडे गेला, सदर अदालतीचा अपेलेट साइडकडे. मुंबई शहरात उद्भवणारे व्यापाराचे, जहाजांचे, विश्वस्त निधींचे मोठे दावे ओरिजिनल साइडला थेट चालत. बेळगाव, धारवाड, सातारा, रत्नागिरी येथील न्यायालयांच्या निकालांवरची अपिले अपेलेट साइडला येत.

दोन्हीकडची रीतही निराळी होती. ओरिजिनल साइडला पक्षकाराने बॅरिस्टरकडे थेट जाण्याची सोय नव्हती. त्याने प्रथम सॉलिसिटरकडे जायचे. सॉलिसिटरने कागदपत्रे तपासून, हकीकत लिहून काढून, तिचे 'ब्रीफ' बांधायचे आणि मग आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरकडे ते पाठवायचे. बॅरिस्टरने केवळ युक्तिवाद करायचा. अपेलेट साइडचे वकील मात्र पक्षकाराला स्वतः भेटत, त्याचे वकीलपत्र घेत आणि न्यायाधीशापुढे उभेही राहत. एका वाक्यात सांगायचे तर ओरिजिनल साइडच्या दारावर सॉलिसिटर बसलेला होता आणि अपेलेट साइडचे दार पक्षकाराला उघडे होते.

सॉलिसिटर एकटादुकटा क्वचितच असे. त्याची पेढी असे. आज आपण ज्यांना लॉ फर्म म्हणतो त्यांचे हे मूळ होय. क्रॉफर्ड बेली ही पेढी आपला जन्म १८३० चा सांगते, म्हणजे उच्च न्यायालयापेक्षा ती बत्तीस वर्षांनी मोठी. लिटल आणि कंपनी १८५६ ची, वाडिया घांडी १८८३ ची. ज्यांची नावे पाटीवर आहेत ती माणसे जाऊन शतक उलटले, तरी पेढ्या चालू आहेत. मला पेढीचे सगळे मर्म या पाट्यांत दिसते. पक्षकार पेढीचा असतो, कोणा एकाचा नसतो. भागीदार मरतो, निवृत्त होतो, भांडून निघून जातो, पण खातेवही त्याच कपाटात राहते. चेंबरचे तसे नाही. तेथे पक्षकार आणि सॉलिसिटर एका माणसाकडे पाहून येतात आणि तो माणूस उठला की बहुधा तेही उठतात.

या व्यवस्थेत आपली मराठी माणसे कोठे होती? ओरिजिनल साइडला इंग्रज बॅरिस्टर आणि त्यांच्या मागोमाग पारशी व गुजराती मंडळी यांचा भरणा होता, कारण शहरातला व्यापार त्यांच्या हाती होता आणि व्यापाऱ्याचा सॉलिसिटर बहुधा व्यापाऱ्याच्याच ओळखीतला असे. मराठी वकील अपेलेट साइडला एकवटले. तेथे येणारे कागद मराठी-कन्नड मुलखातले असत. वतन, दत्तक, एकत्र कुटुंबाची वाटणी असे विषय असत. आणि संस्कृत धर्मशास्त्र जाणणाऱ्याला तेथे खरी किंमत होती. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे या वाटेवरचे ठळक नाव. त्यांनी 'व्यवहारमयूख' आणि 'याज्ञवल्क्यस्मृती' यांचे इंग्रजी भाषांतर १८८० साली प्रसिद्ध केले. असे काम हौसेखातर होते असे म्हणता येते. पण त्यात धंद्याची जाणही होती. हिंदू कायद्याचा प्रश्न अडला की मंडलीकांकडे जायचे, ही ख्याती कोणत्याही सॉलिसिटरच्या कृपेवाचून टिकणारी होती. आजच्या भाषेत बोलायचे तर हेच आपले पहिले 'बुटिक' होय. पाटीवर तसे कोणी लिहिले नाही, इतकेच.

त्याच काळातल्या दोन मित्रांनी दोन निरनिराळे निर्णय घेतले. महादेव गोविंद रानडे १८७१ साली ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. म्हणजे ओरिजिनल साइडला उभे राहण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि त्याच वर्षी पुण्यास न्यायाधीशाची सरकारी नोकरी पत्करली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, तीच परीक्षा देऊन ओरिजिनल साइडला गेले आणि विलायतेस न जाता इंग्रज बॅरिस्टरांच्या मांडीला मांडी लावून बसले. तेलंग १८८९ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९३ मध्ये ते अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले आणि त्यांच्या रिकाम्या जागी रानडे आले. एकाच खुर्चीवर दोन वाटांनी दोघे पोहोचले. यावरून 'वाट कोणतीही धरा, गुण असले की झाले' असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. तेलंग-रानडे यांच्या तोलाची बुद्धी असलेल्यांचा दाखला देऊन सर्वसाधारण तरुणाला दिलासा देणे हा न्याय नव्हे. जे पोहोचले नाहीत त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय वाटेचा खडतरपणा कळत नाही.

न पोहोचलेल्यांत एक नाव असे आहे की ते ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. मोहनदास करमचंद गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत काही महिने वकिली करण्याचा यत्न करून पाहिला. लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या बाईच्या बाजूने ते उभे राहिले. उलटतपासणीची वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना आणि त्यांनी काम दुसऱ्याकडे सोपवून फी परत केली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याच आत्मकथेतली दुसरी हकीकत मात्र कोणी सांगत नाही. मुंबईत काम हवे असेल तर काम आणून देणाऱ्या दलालाला कमिशन द्यावे लागे आणि गांधींनी ते नाकारले. पुढे राजकोटला गेल्यावर अर्ज-विनंत्या लिहून महिन्याला सुमारे तीनशे रुपये मिळू लागले, ते बहुतांशी त्यांच्या भावाचा भागीदार असलेल्या वकिलामुळे. आणि तेथे कमिशनचा नेम त्यांना शिथिल करावा लागला. १८९३ साली दादा अब्दुल्ला या पोरबंदरी व्यापारी पेढीने त्यांना दक्षिण आफ्रिकेत नेले, तेही एका वर्षासाठी १०५ पौंड आणि जाण्यायेण्याचे भाडे एवढ्या बोलीवर. दरबानमध्ये ते स्थिरावले ते १८९४ मध्ये वीसएक व्यापाऱ्यांनी वर्षभराचे कायदेविषयक काम त्यांच्याकडे सोपविण्याचे कबूल केले म्हणून. तोंडाला कुलूप लागलेला बॅरिस्टर तीन वर्षांत बोलू लागला. मधल्या काळात त्यांची धिटाई वाढली हे खरेच. पण काम आणणारा हात बदलला, ही गोष्टही तितकीच खरी.

याहून कठोर उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या व ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन ते १९२३ साली मुंबईस आले. सनद घेण्यासाठीही हाती पैसा नव्हता. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली तेव्हा त्यांना उच्च न्यायालयात नाव नोंदविता आले. त्या वेळी त्यांच्या तोडीचे शिक्षण घेतलेला माणूस त्या इमारतीत शोधावाच लागला असता. परंतु ओरिजिनल साइडच्या दारावर सॉलिसिटर बसलेला होता, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हाती ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. पेढीला आपल्या पक्षकाराच्या मर्जीचा विचार करावा लागतो, असे त्याचे समर्थन कोणी केले असेलही. समर्थन कसलेही असो, परिणाम एकच होता. बाबासाहेबांना अपेलेट साइडचे, जिल्हा न्यायालयांचे, फौजदारी असे मिळेल ते काम करावे लागले. १९२५ पासून काही वर्षे ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरखर्चाला हातभार लावीत होते. त्यांचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. किल्ल्यातल्या सॉलिसिटरांच्या पेढ्यांपासून ते दूर, गिरणगावात. पण ज्यांना त्यांची गरज होती त्यांच्या दाराशी.

त्या खोलीतून कोणती कामे झाली ते पाहा. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींचा बचाव त्यांनी १९२६ साली पुण्यास केला. 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते उच्च न्यायालयात उभे राहिले. हे पक्षकार कोणत्याही मोठ्या पेढीच्या खातेवहीत सापडले नसते. कोणी म्हणेल, म्हणजे पेढ्यांनी त्यांना नाकारले ते बरेच झाले. हा विचार मला क्रूर वाटतो. नाकारलेल्या माणसाने दुसरीकडे डोंगर उचलला म्हणून नाकारणाऱ्याचे पाप पुण्य होत नाही. त्या काळात असेच नाकारले गेलेले आणि डोंगर उचलू न शकलेले किती असतील, त्यांची नोंद इतिहासात नाही.

आता चेंबरकडे वळतो. बॅरिस्टरांचे शिक्षण पेढीत होत नसे. ते ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये होई. ज्येष्ठाचे ब्रीफ वाचायचे, टिपणे काढायची, त्याच्या मागे बसून ऐकायचे आणि सॉलिसिटरची नजर कधी आपल्याकडे वळते याची वाट पाहायची. महंमद करीम छागला यांनी १९२२ नंतरची काही वर्षे जिनांच्या चेंबरमध्ये अशीच काढली आणि कामावाचून गेलेल्या त्या दिवसांविषयी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. १९४७ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. मुंबईच्या चेंबरांत सर्वांत फलदायी ठरले ते सर जमशेटजी कांगा यांचे. १९२२ ते १९३५ ते मुंबईचे ॲडव्होकेट जनरल होते. होरमसजी सीरवाई, नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी ही सारी त्यांच्या खोलीतून तयार झालेली माणसे. प्राप्तिकरावरचा कांगा-पालखीवाला यांचा ग्रंथ १९५० साली निघाला तो याच गुरुशिष्यसंबंधातून. केशवानंद भारती खटल्यात अडुसष्ट दिवस युक्तिवाद झाले आणि २४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला, तेव्हा अर्जदाराच्या बाजूने पालखीवाला होते आणि केरळ राज्याच्या बाजूने सीरवाई. एकाच खोलीत घडलेले दोघे समोरासमोर उभे होते. पेढीत हे संभवत नाही. पेढीचे भागीदार दोन बाजूंना उभे राहू शकत नाहीत. चेंबरमधली माणसे राहू शकतात, कारण तेथे एकत्र येतात ती माणसे. पक्षकार ज्याचा त्याचा वेगळा असतो.

चेंबरची ही थोरवी सांगताना तिची किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. कनिष्ठाला चेंबरमध्ये वेतन नसे. ज्ञान फुकट मिळे, पण जेवण घरून आणावे लागे. दादर-गिरगावात स्वतःचे घर असलेला, वडिलांचा आधार असलेला तरुण पाच वर्षे थांबू शके. बेळगावहून ट्रंक घेऊन गेलेल्या मुलाने किती थांबावे? म्हणून आपल्याकडची पुष्कळ हुशार मुले सनद घेऊन परत आली, जिल्हा न्यायालयात बसली किंवा मुन्सफीच्या परीक्षेला लागली. बुद्धी कमी पडली म्हणून ती परतली असे समजणे चूक आहे. बहुतेकांचे महिन्याचे भाडे कमी पडले होते.

थांबण्याची ताकद आणि विद्या दोन्ही एकत्र आली की काय होते, याचे सुंदर उदाहरण प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे. साताऱ्याच्या शास्त्री घराण्यातले हे गृहस्थ; १९१८ ते १९२० धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले, म्हणून आपल्या भागालाही त्यांच्यावर थोडा हक्क सांगता येतो. १९२६ साली ते अपेलेट साइडला आले. सॉलिसिटरांची वाट त्यांनी धरलीच नाही. हिंदू कायदा हा एकच विषय त्यांनी खोदला आणि त्या विषयाला वाहिलेले एक त्रैमासिकही चालविले. १९४५ मध्ये ते न्यायमूर्ती झाले आणि १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. मंडलीकांपासून गजेंद्रगडकरांपर्यंतची ही परंपरा मी मुद्दाम सांगतो, कारण एका विषयाचे लहान कार्यालय ही कल्पना न्यूयॉर्क-लंडनहून आली असे मुलांना वाटते.

मोठी पेढी मात्र खरोखरच नवी आहे. मुंबईच्या पेढ्या जुन्या होत्या, नामांकित होत्या, पण आजच्या अर्थाने मोठ्या नव्हत्या. आणि त्याचे कारण अगदी गद्य आहे. आपल्या कंपनी कायद्याने नफ्यासाठी चालणाऱ्या भागीदारीत वीसहून अधिक माणसांना बंदी केली होती. १९१३ च्या कायद्यात ती मर्यादा होती आणि १९५६ च्या कायद्यातही राहिली. इंग्लंडने सॉलिसिटरांपुरती ती अट १९६७ साली काढून टाकली; तेथल्या पेढ्या फुगत गेल्या आणि १९८७ मध्ये दोन मोठ्या पेढ्या एकत्र होऊन क्लिफर्ड चान्स उभी राहिली. अमेरिकेत तर पॉल क्रॅव्हाथने विसाव्या शतकाच्या आरंभीच आपला कारखाना सुरू केला होता. कॉलेजातून उत्तम मुले निवडायची, पगार द्यायचा, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवायची आणि काही वर्षांनी भागीदार तरी करायचे किंवा निरोप तरी द्यायचा, ही त्याची रीत आज जगभर मोठ्या पेढ्यांची रीत झाली आहे. आपल्याकडे व्यावसायिकांच्या भागीदारीवरची ती संख्येची अट २०१३ च्या कंपनी कायद्याने उठविली आणि तो भाग १ एप्रिल २०१४ पासून अमलात आला. तोवर एकविसावा भागीदार घेणे म्हणजे कायद्याची पळवाट शोधणे होते.

दरम्यान तीन गोष्टी घडल्या होत्या. १९७६ च्या दुरुस्तीने सॉलिसिटर-ॲडव्होकेट हा भेद कायद्याने संपला आणि १ जानेवारी १९७७ पासून मुंबई-कलकत्त्याचे ते जुने दार अधिकृतपणे उघडले. सवय मात्र एका दिवसात जात नाही. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा आजही घेतली जाते आणि ब्रीफ आजही बहुधा पेढीकडूनच ज्येष्ठ वकिलाकडे जाते. दुसरे असे की, बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ मध्ये दाखल झाली, ती १९९३ मध्ये पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडली. आणि या दोहोंच्या मध्ये, १९९१ साली, आर्थिक धोरण बदलले. परदेशी भांडवल आले, करारमदार आले, कंपन्यांची खरेदी-विक्री आली. न्यायालयाचे तोंडही न पाहता वकिलाला आयुष्य काढता येईल एवढे काम निर्माण झाले, आणि ते करायला नव्या विद्यापीठांतली मुले आयती मिळाली. या कामाला एकट्याचे डोके पुरत नाही. एका व्यवहाराचे हजारो कागद चार आठवड्यांत तपासायला वीस-पंचवीस तरुण लागतात. म्हणून पेढ्या वाढल्या.

वाढल्या तशा फुटल्याही. अमरचंद मंगळदास ही १९१७ ची पेढी देशातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक झाली आणि मे २०१५ मध्ये दोन भावांत तिची वाटणी होऊन दोन पेढ्या झाल्या. एकत्र कुटुंबाच्या वाटणीचे दावे चालविण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला या बातमीत परके असे काही वाटले नाही. मोठ्या पेढीतून चार-सहा माणसे बाहेर पडून एका विषयाचे कार्यालय थाटतात, तेव्हा जन्मते ते आजचे 'बुटिक'. मंडलीकांच्या कार्यालयाशी त्याचे विषयनिष्ठेचे नाते आहे. पण एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. मंडलीक-गजेंद्रगडकरांकडे पक्षकार जिल्ह्याजिल्ह्यांतून येत. या नव्या कार्यालयांकडे येणारे पक्षकार पुष्कळदा जुन्या पेढीतल्या ओळखीचेच असतात. म्हणजे वाट पुन्हा पेढीतूनच निघते. मोठ्या पेढीतून गेलेल्याला बुटिक सोपे जाते. बुटिकमधून मोठ्या पेढीत शिरणे तितके सोपे नसते. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धांत नव्हे.

आता आपल्या गावाकडे येऊ. राजा लखमगौडा विधी महाविद्यालय येथे १९३९ साली सुरू झाले. त्या वेळी येथल्या पदवीधरापुढे वाट सरळ होती. जिल्हा न्यायालयात काम करायचे आणि अपील झाले की कागद मुंबईच्या अपेलेट साइडला पाठवायचे. तेथला वकील मराठी जाणणारा, येथला वकील त्याचा परिचित. पत्रव्यवहारावर काम चाले आणि चार-दोन वर्षांनी एखादा हुशार कनिष्ठ त्या ओळखीच्या बळावर मुंबईला जाऊन बसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि ही वाट एका दिवसात बुजली. बेळगावची अपिले बंगळुरूला जाऊ लागली; पाचशे किलोमीटर दूर, नव्या ओळखींच्या, नव्या भाषेच्या ठिकाणी. सीमाप्रश्नाच्या इतिहासात आपण शाळा, पाट्या, निवडणुका यांविषयी पुष्कळ लिहिले. दोन-तीन पिढ्यांच्या वकिलांच्या ओळखींचे जाळे कसे विस्कटले यावर कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. शाळेच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने जुन्या वकिलांच्या घरातली पत्रे गोळा केली तर ते काम अजूनही होण्यासारखे आहे. २००८ साली धारवाडला फिरते खंडपीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. आज बेळगावचा तरुण सकाळी निघून धारवाडला उभा राहून संध्याकाळी घरी परत येऊ शकतो. मोठ्या पेढीच्या मानाने ही गोष्ट किरकोळ वाटेल. मला ती आपल्या मुलांच्या दृष्टीने अलीकडच्या काळातली सर्वांत मोठी घडामोड वाटते, कारण पाऊणशे किलोमीटरवर उच्च न्यायालय असेल तरच जिल्ह्यातले लहान कार्यालय ही निरुपायाची जागा न राहता निवडण्याची जागा होते.

पैशाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सनदेसाठी राज्य बार कौन्सिलांना कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ही रक्कम १२५ रुपये आहे. तोवर निरनिराळ्या राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. भथेनांच्या पैशावर घेतलेल्या त्या १९२३ च्या सनदेनंतर एकशे एक वर्षांनी हा निकाल आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय बार कौन्सिलने ज्येष्ठांनी आपल्या कनिष्ठांना शहरात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची जुनी अट पुन्हा लागू केली. म्हणजे पूर्वी जी मुले पदवीनंतर थेट मुन्सफीकडे वळत, त्यांनाही आता तीन वर्षे कोणाच्या तरी कार्यालयात काढावी लागतील. आणि ते कार्यालय पुष्कळांच्या बाबतीत आपल्याच गावातल्या एखाद्या खोलीत असेल.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी मोठे की लहान हे विचारत नाही. ज्या ठिकाणी जाणार तेथे पक्षकाराशी तुझी गाठ कोण घालून देईल, तुझ्या मसुद्यावर लाल पेन्सिल कोण चालवील आणि पहिली तीन वर्षे तुझ्या खोलीचे भाडे कोण भरील, एवढे मी विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला पुष्कळ मुले खाली पाहतात. आज या सभागृहात बेळगावच्या बारमधले ज्येष्ठ सभासद बरेच दिसत आहेत, त्यांतील काही या शाळेचेच आहेत. पंधरा हजारांची ती शिफारस आपल्या कार्यालयात आपण कधीपासून अमलात आणणार, हे व्याख्यानानंतर चहाच्या वेळी त्यांनी मला सांगावे. मी माझ्या कार्यालयात ती गेल्या वर्षापासून आणली आहे.